मेक्सिकोचे देव आणि आमची सोयरीक

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना एक खोड जडली आहे. परक्या देवळात पाऊल टाकले की, ‘अहो, हा तर आपला खंडोबाच!’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. घराच्या ओढीने घडणारा हा अपराध क्षम्य मानता येईल. परंतु हीच खोड विद्वत्तेचा अंगरखा घालून व्यासपीठावर चढते आणि प्राचीन मेक्सिकोची कला ही हिंदु संस्कृतीचीच हरवलेली शाखा होय, असे ठासून सांगते, तेव्हा स्वस्थ बसणे आम्हांस शक्य नाही.

चमनलाल यांचे ‘हिंदु अमेरिका’ हे पुस्तक १९४० साली निघाले. तेव्हापासून हे मत आमच्याकडे अधूनमधून डोके वर काढीत आले आहे. पुरावेही ठरलेले. माया लोक म्हणजे मयासुराचे वंशज. होंडुरासमधील कोपान येथल्या शिलास्तंभावर हत्तीची सोंड. आमच्या युगांसारखीच तिकडची युगे. नामसाम्यावर इतिहास उभारू लागल्यास कोणीही कोणाचा पूर्वज ठरेल. ती सोंड म्हणजे मकाव पोपटाची बाकदार चोच होय, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. उरली युगे, ती मात्र निरखून पाहण्याजोगी आहेत.

मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात डिसेंबर १७९० मध्ये अ‍ॅझ्टेकांची सूर्यशिला सापडली. व्यास सुमारे साडेतीन मीटर, वजन चोवीस टनांच्या घरात. मध्यभागी एक मुख, आणि त्याभोवती चार चौकटी: जग्वार, वारा, अग्निवृष्टी व पाणी. हे होऊन गेलेले चार सूर्य. पहिल्या सूर्याची प्रजा जग्वारांनी खाल्ली. दुसरीला वाऱ्याने उधळले व उरल्यासुरल्यांची माकडे झाली. तिसरीवर आग बरसली. चौथी पुरात बुडून मासे झाली. याच चौकटींनी मिळून ‘चार गती’ हे चिन्ह बनते. ते पाचव्या, म्हणजे चालू सूर्याचे नाव, आणि त्याचा अंत भूकंपाने व्हावयाचा आहे. येथे धर्माचा एकेक पाय गळत नाही, की कृतापासून कलीपर्यंत उतरत जाणारे ४:३:२:१ असे प्रमाण नाही. ज्या भूमीला भूकंपाचा नित्य धाक, त्या भूमीने आपल्या अनुभवातून घडविलेली ही कल्पना आहे.

पाचव्या सूर्याच्या जन्माची कथा तर याहून विलक्षण. सर्वत्र अंधार असताना तेओतिवाकान येथे देव जमले. अग्नीत उडी घेऊन सूर्य कोणी व्हावे? श्रीमंत तेकुसिस्तेकात्ल चार वेळा पुढे सरसावला आणि चारही वेळा मागे फिरला. व्रणांनी भरलेल्या दुबळ्या नानावात्सिनने डोळे मिटून उडी घेतली. तोच सूर्य झाला. मग लाजून उडी घेणारा दुसरा चंद्र झाला, आणि त्याचे तेज मंदावे म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकला. तरीही सूर्य जागचा हलेना. तेव्हा देवांनी स्वतःचे प्राण दिले. त्या ऋणाची फेड मानवी रक्ताने करावयाची, अशी त्यांची श्रद्धा. नरबळीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु सूर्य थांबेल ही धास्ती ओळखल्यावाचून त्या शिल्पांतील तोडलेले हात व हृदये यांचा अर्थ लागणार नाही.

‘पण चंद्रावरचा ससा? आम्हीही चंद्राला शशांक म्हणतोच ना!’ असे कोणी म्हणेल. म्हणतोच. चंद्र एक, त्याचे डागही तेच. ते पाहण्यासाठी कोणास जहाजात बसावे लागत नाही.

ऑगस्ट १७९० मध्ये त्याच चौकात कोआतलिक्वे देवीची मूर्ती निघाली होती. नेसूचे वस्त्र सापांचे, गळ्यात हात व हृदये यांची माळ, मस्तकाच्या जागी समोरासमोर दोन सर्पमुखे. स्थानिक लोक तिची पूजा करू लागतील या भयाने ती पुन्हा पुरण्यात आली. तिच्या तळाशीही, जेथे कोणाची दृष्टी पोहोचणार नाही तेथे, भूदेवतेचे चित्र कोरलेले आहे. प्रेक्षकांसाठी नव्हे, पृथ्वीसाठी कोरलेले शिल्प! स्पॅनिश पाद्र्यांनी अशा मूर्तींना सैतान म्हटले; आमचे वक्ते तिला चामुंडा म्हणतात. पाहिले दोघांनीही नाही.

बुद्धमूर्तीचे जनकत्व फूशे यांनी ग्रीकांना दिले, तेव्हा आम्हांस केवढा संताप आला होता! १९२७ साली आनंद कुमारस्वामींनी त्यास दिलेल्या उत्तराचा आम्ही आजही अभिमान बाळगतो. मग तोच अन्याय आम्ही मेक्सिकोवर कोणत्या तोंडाने करावा? स्पॅनिश आक्रमणाने त्या लोकांची देवळे पाडली, पोथ्या जाळल्या. उरलेल्या दगडांचे कर्तृत्वही आम्ही त्यांच्याकडून काढून घ्यावे काय?

संबंधच हवा असेल तर तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. पोर्तुगीजांमार्फत आलेली मिरची मूळची मेक्सिकोची, आणि मकाही तिकडचाच. तेवढ्यावरून कोल्हापूर ही अ‍ॅझ्टेकांची वसाहत होती, असे कोणी म्हणत नाही. आमच्या सुजाण वाचकांनी एवढेच करावे: पुढच्या व्याख्यानात कोणी मयासुराचे नाव घेतले, की सूर्यशिलेवरील चार चौकटींत काय कोरले आहे, ते वक्त्यास उभे राहून विचारावे.