दोघांच्या प्रवासात 'पुरे' कोणी म्हणायचं?



मुलगा, मुलगी नाहीतर दीर अमेरिकेत आणि आपण दोघं त्यांच्याकडे दोन-तीन महिने पाहुणे, ही आता आपल्या गावांतल्या कितीतरी घरांची गोष्ट झाली आहे. तिकडे पोचल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्यांची रजा संपते. मग एका संध्याकाळी जेवताना विषय निघतो, "तुम्ही दोघंच गाडी घ्या आणि ग्रँड कॅन्यन बघून या ना!" दोघी वाचक भगिनींनी याच बेताबद्दल विचारलं आहे. दोघींचा प्रश्न एकच: बरोबर खायला काय न्यावं? त्याचं उत्तर शेवटी देते. पण त्या मुलखात डब्याहून मोठं काम आपल्याला असतं, आणि ते आपण सहसा अंगावर घेत नाही. म्हणून आधी ते.

आम्ही धाकट्या दिरांकडे गेलो होतो तेव्हा ऑक्टोबरअखेर आठ दिवसांत हा फेरा केला. लास वेगासहून निघायचं, यूटा राज्यातलं झायन, मग ब्राइस, तिथून ॲरिझोनातलं पेज गाव, पुढे मॉन्युमेंट व्हॅली, मग ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि परत लास वेगास. सुमारे हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरची वाळू येते. इथे वाळू थोडी आणि खडक फार. लाल, भगवे, गुलाबी, कुठे साईसारखे पांढरट. हा लाल रंग लोखंडाचा. आपल्या तव्याला चढतो तोच गंज, इथे डोंगरच्या डोंगरांना चढलेला. ब्राइसला दगडांचे हजारो सुळके उभे आहेत. फटीत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ना, तसंच. तिथली उंची आठ-नऊ हजार फूट असल्यामुळे ऑक्टोबरातही रात्री पाणी गोठतं. वाळवंट आहे म्हणून स्वेटर न नेणाऱ्यांची तिथे चांगलीच खोड मोडते.

पण या मुलखाचं खरं गमक अंतरात आहे. ग्रँड कॅन्यनची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली मैलाहून जास्त. दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो. पक्ष्याला तो १६ किलोमीटर असेल, गाडीला मात्र ३४५ किलोमीटरचा वळसा पडतो. समोरच्या गॅलरीतल्या शेजारणीशी खाणाखुणा करता येतात, पण तिच्याकडे जायला सगळं गाव ओलांडावं लागतं, अशातली गत. (उत्तर काठावरचं जुनं लॉज २०२५ च्या जुलैत वणव्यात जळून गेलं. तिकडे जायचा विचार असेल तर काय चालू, काय बंद ते आधी विचारून घ्या. शिवाय २०२६ पासून मोठ्या उद्यानांत परदेशी पाहुण्यांना जादा प्रवेशमूल्य आहे. दोन-तीन उद्यानं बघणार असाल तर वर्षाचा पास परवडतो का, याचा हिशेब घरीच करावा.)

पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना दीडशे किलोमीटरवर केयेंटा नावाचं गाव लागतं. मधल्या रस्त्यावर पेट्रोलपंप मोजकेच. फोनला बराच वेळ रेंज नसते. अशा ठिकाणी गाडीत दोघं असून चालक एकच असेल तर ते बरं नाही. आपल्याकडच्या लायसनवर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो वर्षभर चालतो. यजमानांचा काढायला जाल तेव्हा स्वतःचाही काढून घ्या. आणि गाडी भाड्याने घेताना करारपत्रावर दुसरा चालक म्हणून तुमचं नाव घाला. त्याचे थोडे जास्त पैसे लागतात. तिथे काटकसर करू नये. "तुला कशाला, मी आहे ना" हे वाक्य प्रेमाचं असतं हो, पण ताप चढला किंवा पाय मुरगळला की त्याचा उपयोग नसतो. तिकडे गाडी उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या दिवशी हे प्रत्येक वळणाला सिग्नल द्यायला जायचे आणि लख्ख उन्हात वायपर सुरू व्हायचा! गावाच्या शांत रस्त्यावर दोघांनी तासभर सराव केला की हात बसतो.

टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम. पंपावर आपलं कार्ड कधीकधी चालत नाही, कारण मशीन तिथला पिनकोड मागतं. मग आत जाऊन आधी पैसे भरायचे आणि आपल्या हाताने पेट्रोल घालायचं. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. रस्त्यावर हरणं येतात, आणि नवाहो लोकांच्या प्रदेशात गाईगुरं, मेंढ्यासुद्धा.

या नवाहो प्रदेशाबद्दल सांगायलाच हवं. मॉन्युमेंट व्हॅली त्यांची, पेजजवळचा तो सुप्रसिद्ध अँटिलोप कॅन्यनही त्यांचाच. तिथे कायदे त्यांचे, दारूला बंदी, आणि घड्याळही वेगळं! ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो प्रदेश करतो. त्यामुळे मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेजहून निघून केयेंट्याला पोचलं की एक तास पुढे जातो. तिथे कुळ आईकडून चालतं. लोकरीचे गालिचे विणणाऱ्या बहुतेक बायकाच. आणि आजही तिथल्या कितीतरी घरांत नळ नाही, पिंप भरून पाणी गाडीने आणावं लागतं. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला त्या रस्त्यावरची पिंपं लादलेली गाडी बघून वेगळं काही सांगावं लागत नाही.

अँटिलोप कॅन्यन म्हणजे खडकातली अरुंद चीर. भंडारदऱ्याजवळची सांदण दरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. तिथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि वाटाड्या "चला बाहेर" म्हणाला की फोटो अर्धा टाकून निघायचं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथल्या खालच्या चिरेत ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर.

आता मुख्य मुद्दा. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, ब्राइट एंजल नावाची पायवाट जिथे दरीत उतरते तिथेच, कोल्ब बंधूंचा जुना फोटो स्टुडिओ आहे. १९२८ च्या नोव्हेंबरात तिथे एक नवपरिणित जोडपं आलं होतं. ग्लेन आणि बेसी हाइड. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचं लग्न झालेलं. तो आयडाहोचा शेतकरी, ती चित्रकला शिकलेली, बावीस वर्षांची. स्वतः बांधलेल्या सपाट तळाच्या होडीतून कोलोराडो नदीने सारी दरी पार करायची, असा त्याचा बेत. तोवर कोणत्याही बाईने तसं केल्याची नोंद नव्हती. ऑक्टोबरात यूटातून निघालेली ती दोघं सामान घ्यायला चढून वर आली होती. एमरी कोल्बने त्यांना जीवरक्षक जाकिटं घ्या म्हणून सांगितलं. ग्लेनने ती घेतली नाहीत. बेसीला पुढे जायचं नव्हतं, असं तेव्हा पाहणाऱ्यांनी मागाहून सांगितलं. दोघं पुन्हा खाली उतरली. डिसेंबरात विमानातून शोध घेतला तेव्हा होडी नदीत सरळ तरंगत होती, सामान जागच्या जागी, बेसीची टिपणवहीसुद्धा. ती दोघं आजतागायत सापडली नाहीत.

बेसीच्या मनात काय होतं ते कोण सांगणार? पण समजा, ती "पुरे" म्हणाली असती, तर त्या शब्दाला त्या होडीत किती किंमत होती? मला तरी त्या कहाणीतला प्रश्न एवढाच वाटतो. आपल्यातल्या किती जणी सहलीत "मला दम लागलाय" असं मोकळेपणाने म्हणतात? त्यांचा विरस नको, म्हणून आपण चालत राहतो.

पुढे दहाच वर्षांनी, १९३८ मध्ये, त्याच नदीतून एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोघी वनस्पतिशास्त्रज्ञ सुखरूप पार झाल्या. एक चाळिशीची, दुसरी चोवीस वर्षांची. वाटेत वनस्पतींचे नमुने गोळा केले. पुरुष बरोबर असूनही तळावरचा स्वयंपाक बहुतेक त्यांच्याकडेच होता, हे वाचून तुम्हाला नवल वाटणार नाही!

दरीची वाट उलटी आहे, हे लक्षात घ्या. सिंहगड चढताना दम लागला तर मागे फिरता येतं, कारण उरलेला रस्ता उताराचा असतो. इथे ताज्या पायांनी आधी उतरायचं आणि थकलेल्या पायांनी चढायचं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. काठाची उंची सात हजार फूट, कळसूबाईच्या शिखराहूनही दीड हजाराने जास्त, तेव्हा श्वास तसाच अपुरा पडतो. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशीच्या वर जातो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, अशा पाट्या तिथे जागोजाग आहेत.

आम्ही आदल्या रात्री ठरवलं होतं की दीड मैलावरच्या विश्रांतिगृहापर्यंत जायचं, आणि दोघांपैकी कोणीही एकाने "पुरे" म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. सकाळी उतरताना काय मौज वाटत होती! दर वळणाला खडकाचा रंग बदलतो. काठावरचा दगड २७ कोटी वर्षांचा आणि तळाचा पावणेदोनशे कोटींचा. विश्रांतिगृहाशी पोचलो तर यांचा चेहरा फुललेला. "अजून अर्धा तास जाऊ या, पुढून जास्त छान दिसेल," म्हणाले. माझे गुडघे ठीक होते, पाणी होतं. पण घड्याळ माझ्याकडे होतं आणि परतीचा हिशेब मी मनात मांडला होता. मी म्हटलं, "पुरे." ह्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाटलीचं बूच लावलं आणि मागे वळले. वर येताना पहिला पाऊण मैल आमच्यात एक शब्द नव्हता. मग एका वळणावर हेच दगडावर बसले, नाडी मोजली आणि म्हणाले, "चिवडा काढ."

आता पाण्याचं. प्रवासात संडास कुठे मिळेल या धास्तीने आपण बायका पाणीच पीत नाही. सकाळचा चहा, की मग मुक्कामी पोचल्यावर घोटभर. ही सवय तिकडे घातक आहे. हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतच नाही, आल्याआल्या उडून जातो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवं, आणि ते डिकीत नाही, हाताशी. स्वच्छतागृहांची काळजी नको. उद्यानांत, पंपांवर, त्या दीड मैलावरच्या विश्रांतिगृहाशीसुद्धा सोय आहे. पायवाटेवरचे पाण्याचे नळ मात्र थंडीत बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि नुसतं पाणी पिऊनही चालत नाही. घामातून मीठ जातं, वर पाणीच पाणी पीत राहिलं तर मळमळ, चक्कर सुरू होते. म्हणून पाण्याबरोबर खारं खायचं. तिथले रक्षक खारे बिस्किट सांगतात. आपल्याला त्याची काय गरज?

तर, खाणं. विमानातून मांस, ताजी फळं, भाज्या, बिया नेता येत नाहीत. जे न्याल ते विचारल्यावर स्पष्ट सांगा. पातळ पोह्यांचा चिवडा, खारे शेंगदाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या हे नातेवाइकांच्या घरून निघताना करून घ्यावं. पुऱ्या तीन दिवस छान राहतात. बेसनाचे लाडू थोडेच न्या, उन्हात गाडी तापली की ते बसतात. मेतकूट आणि भाजून घेतलेल्या रव्याचं उपम्याचं पीठ अवश्य न्यावं. मोटेलच्या खोलीत बहुधा मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज असतो. त्यात गुरगुट्या भात होतो, उपमा होतो. त्या पिठात मोहरी-कढीलिंबाची फोडणी घरीच घालून ठेवा. खोलीत फोडणी करायला जाऊ नका, छताला धूर ओळखणारं यंत्र असतं आणि ते असं किंचाळतं की सारं मोटेल दारात येऊन उभं राहतं.