मराठी लेख गुगलवर का सापडत नाहीत?

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आमच्या कचेरीत आली होती. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिला एवढेच हवे होते की, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याविषयी राज्यघटनेत नेमके काय म्हटले आहे. तिने मोबाइलवर मराठीतून शोध घेतला होता आणि तिच्या हाती स्पर्धा परीक्षांच्या टिपणांचे चार तुकडे लागले होते. वास्तविक याच विषयावर आम्ही काही वर्षांपूर्वी सविस्तर लेख लिहिला होता आणि तो आजही महाजालावर आहे. तो तिला का दिसला नाही, हे पाहण्यासाठी आम्ही तिला आमच्यासमोर पुन्हा शोध घ्यावयास सांगितले. तिने लिहिले: 'कलम ३५० अ मराठी शाळा'. आमच्या लेखात घटनेच्या अधिकृत मराठी पाठाप्रमाणे 'अनुच्छेद ३५०क' असे होते. 'कलम' हा शब्द कोठेही नव्हता. लेखाला शीर्षक दिले होते 'अरण्यरुदन', आणि ते दुर्दैवाने तंतोतंत खरे ठरले होते.

मराठीतील लेखन शोधात मागे पडते तेव्हा गुगलला दोष देण्याची आपणांस सवय आहे. आम्हीही तो दिला आहे. परंतु वकिली करताना एक गोष्ट मनावर ठसते. कागद कितीही सबळ असो, तो रीतसर दाखल केला नसेल, त्यावर निशाणी पडली नसेल, तर न्यायाधीशांनी तो पाहिला नाही म्हणून तक्रार करता येत नाही. आपले बहुतांश मराठी लेखन अजून 'दाखल'च झालेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शोधयंत्राचे काम तसे साधे आहे. ते महाजालावरील मजकूर वाचते, कोणता शब्द कोठे आला याची प्रचंड सूची करते आणि कोणी विचारणा केली की त्या सूचीतून उत्तरे क्रमाने मांडते. हा क्रम ठरविण्याची जी पद्धत लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली व ज्यातून १९९८ साली गुगल उभे राहिले, तिचे मर्म वकिलास चटकन कळेल. ज्या निवाड्याचा आधार पुढील अनेक निवाड्यांत घेतला जातो त्याचे वजन वाढते. आणि आधार घेणारा निवाडा स्वतः वजनदार असेल तर अधिकच वाढते. तेथे निवाड्याच्या जागी लेख असतो व आधाराच्या जागी दुवा. पुढे या पद्धतीत इतर अनेक निकषांची भर पडली, पण हे मूळ सुटलेले नाही.

आपली पहिली चूक अशी की, आपण यंत्राला वाचता येईल असे लिहीतच नाही. सीमाभागातील पत्रके, ठराव, निवेदने, जुने अग्रलेख यांची आपण छायाचित्रे काढून टाकतो. डोळ्यांना ती वाचता येतात. यंत्राला ती नीट वाचता येतीलच असा भरवसा नाही. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांत केलेला मजकूर तर आतून रोमन अक्षरांचा साठा असतो, केवळ दिसतो देवनागरी. परीक्षा सोपी आहे. आपल्या लेखातील एक ओळ उचलून मित्राला संदेशात पाठवावी. ती मराठीत उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. अगम्य अक्षरे उमटली तर शोधयंत्रालाही तीच दिसत आहेत. छायाचित्र टाकण्यास हरकत नाही, परंतु त्याखाली तो मजकूर टंकित करून द्यावा. तारीख, ठिकाण आणि विषय तरी द्यावाच.

दुसरी चूक शब्दांची. शोधणारा मनुष्य 'शाळा' लिहितो. आपल्या लेखात 'शाळेत', 'शाळांना', 'शाळांतील' अशी रूपे येतात. मराठीचे सामान्यरूप हे तिचे वैभव आहे, परंतु या रूपांमागचा मूळ शब्द यंत्र दर वेळी ओळखीलच असे गृहीत धरू नये. म्हणून शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात मुख्य शब्द मूळ रूपात एकदा यावा. शुद्धलेखनाचेही तसेच. शासनमान्य नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. तरी 'बेळगांव' हे अनुस्वारयुक्त रूप अनेकांच्या बोटांत आजही आहे. शीर्षकात अलंकार हवाच असेल तर तो उपशीर्षकात ठेवावा. शीर्षकाने विषय सांगावा.

आता खरा नाजूक प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक शासनाने शहराचे नाव 'बेळगावी' असे केले. आपण ते लिहीत नाही व त्यामागे तत्त्व आहे. परंतु त्यानंतर शाळेत गेलेल्या मुलास दाखल्यावर, बसच्या पाटीवर, रेल्वेच्या तिकिटावर तेच नाव दिसते आणि शोध घेताना तो तेच लिहितो. आपल्या लेखांत ते नाव एकदाही नसेल तर त्याच्यासमोर केवळ दुसरी बाजू उभी राहते. आमचे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की, ते नाव लिहिणे म्हणजे मान्य करणे. त्यांच्या भावनेचा आदर राखून आम्ही असहमत आहोत. दाव्यात आपण पक्षकाराचे नाव 'ऊर्फ' लावून देतो, कारण तो ओळखला जावा. त्याने कोणताही हक्क सोडला असे होत नाही. 'हक्कास बाधा न येता' हे शब्द आपल्याच व्यवसायाने घडविले आहेत. शीर्षकात 'बेळगाव' राहो, सर्वत्र 'बेळगाव'च राहो. परंतु 'शासकीय कागदपत्रांत बेळगावी' असा उल्लेख एकदा असू द्यावा. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो या एका शब्दाने दुबळा होणार नाही. आपली पुढची पिढी मात्र आपल्यापर्यंत पोहोचू शकेल.

तिसरी चूक एकमेकांस न ओळखण्याची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, पणजी, निपाणी, बिदर येथे मराठीत लिहिणारे आहेत. त्यांचे प्रश्न भिन्न असले तरी धागा एकच आहे. पण आपण एकमेकांचे लेख वाचून त्यांतील उतारे नावनिशीशिवाय पुढे धाडतो; मूळ लेखाचा दुवा देत नाही. दुवा देणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय ती साक्ष आहे. दहा गावांच्या दहा लेखकांनी एकमेकांस प्रामाणिकपणे उद्धृत केले तर दहाही वर येतील.

आडवाटांचे मात्र नाव नको. 'महिन्याभरात पहिला क्रमांक' अशी हमी देणारे आमच्याही कचेरीत येऊन गेले. एकच शब्द पन्नास वेळा घुसडणे, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपविणे, पैसे देऊन दुवे विकत घेणे, हा त्यांचा माल. गुगलने २०१२ पासून विकत घेतलेल्या दुव्यांविरुद्ध कठोर उपाय योजले आणि अशा लेखनाची घसरण झाली. त्याहून मोठे कारण नैतिक आहे. ज्यांचा पक्ष सत्याचा आहे त्यांनी भाडोत्री साक्षीदार उभे करू नयेत.

हा प्रसिद्धीचा हव्यास नव्हे. अनुच्छेद ३५०क राज्यास व स्थानिक प्राधिकरणास सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा. अनुच्छेद ३५०ख अन्वये त्यांच्या संरक्षणासाठी विशेष अधिकारी नेमला जातो. गावातली शाळा बंद होऊ लागली असता पालकास हे ठाऊकच नसेल तर तो अर्ज कोणाकडे व कशाच्या आधारे करणार? रात्री अकरा वाजता तो वकिलाकडे येणार नाही. मोबाइलमध्ये पाहील, आणि जे प्रथम दिसेल तेच त्याच्यासाठी कायदा ठरेल.

'अरण्यरुदन'चे शीर्षक आम्ही बदलले. लेखाचा पत्ता तोच ठेवला, म्हणजे जुने दुवे तुटले नाहीत. आरंभी 'कलम ३५० अ, अर्थात अनुच्छेद ३५०क' असे लिहिले आणि इंग्रजी आकडेही दिले. आज तो लेख त्या शोधात पहिल्या पानाच्या तळाशी दिसतो. वाचकांस विनंती एवढीच की, या आठवड्यात आपला एक जुना लेख काढावा, तो ज्याला हवा आहे तो मनुष्य कोणते शब्द लिहील याचा विचार करावा, आणि ते शब्द त्यास द्यावेत.