राजवाडा कुणाचा? खासगीचा की दौलतीचा?



२० मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात भरली. आपण सारे सुखावलो, फोटो एकमेकांना पाठवले. बैठक उठली आणि मूळ प्रश्न तिथेच राहिला. राज्यकर्त्याची ही वास्तू कुणाची?

होळकरशाहीत याचे उत्तर चोख होते : खासगी वेगळी, दौलत वेगळी. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली. आपले गौतमपुरा त्यांच्याच नावाचे. अहिल्याबाईंनी देशभर घाट, मंदिरे बांधली ती खासगीतून. दौलतीला हात लावला नाही. स्वतः राहिल्या महेश्वरच्या साध्या वाड्यात.

राजवाडा मात्र दौलतीचा, म्हणजे रयतेचा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी तो जाळला, १९०८ मध्ये पुन्हा आग लागली, १९८४ च्या दंगलीत तिसऱ्यांदा. दर्शनी सात मजले वाचले. मागचा भाग गेला, तो पुढे नव्याने उभारावा लागला.

माणिकबागेचे काय झाले? यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुतज्ज्ञ एकार्ट मुथेसियस यांच्याकडून हा आधुनिक महाल उभारून घेतला. खुर्च्या, दिवे, गालिचे, सारे त्या महालासाठी निवडलेले. १९८० मध्ये त्यातले बरेच सामान परदेशात लिलावात निघाले आणि वास्तूत सरकारी कचेरी आली. भिंती दौलतीच्या ठरल्या, आतला ऐवज खासगीचा!

कोणी म्हणेल, ज्याचे सामान त्याने विकले, कायद्यात बसते. बसत असेल. पण संस्थानचा खजिना भरत होता शेतसाऱ्यावर, आणि त्यात देपालपूरच्या काळ्या जमिनीचाही वाटा होता. अहिल्याबाईंचा हिशेब लावला तर रयतेच्या पैशाची वस्तू खासगीत कशी जमा होते?

सरकारला बोल लावताना आपलेही घर तपासू. पाटीलकी-जमीनदारीचे मोडी कागद, जुन्या सनदा किती घरांनी वाळवीला किंवा रद्दीवाल्याला दिल्या? तीही दौलतच होती, आपण ती खासगी समजलो.

म्हणून मागणी साधी आहे. राजवाड्यात कोणता भाग जुना, कोणता नवा, हे सांगणारे फलक लावावेत, मराठीतही. माणिकबाग वर्षातून काही दिवस तरी लोकांना पाहू द्यावी. आणि आपण प्रत्येकाने माळ्यावरचे बोचके उतरवून त्यातल्या कागदांच्या प्रती मंडळाकडे द्याव्यात.

सरकारने एक दिवस राजवाड्यात बसून अहिल्याबाईंना वंदन केले. आता त्यांचा हिशेबही पाळावा, आणि आपणही.