काच कुठे, तांबे कुठे? झाशीच्या रुळांशेजारचा धडा

दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारी गाडी झाशीला थांबते, तेव्हा तिच्या माथ्यावरील तारेत २५,००० व्होल्टची वीज खेळत असते. त्याच मार्गाच्या कडेने, जमिनीखाली, केसाएवढ्या काचेच्या तंतूंतून संदेश वाहत असतात. संगणकजालासाठी तांब्याची केबल घ्यावी की ऑप्टिकल फायबर, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर समजून घेण्यास याहून बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

प्रथम एक गैरसमज दूर करू. प्रकाशाहून वेगवान काही नाही, म्हणून फायबर वेगवान, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः काचेत प्रकाशाचा वेग निर्वातातील वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. चांगल्या तांब्याच्या केबलमधील संकेतही जवळपास त्याच वेगाने धावतो. खरा फरक आहे तो संकेत किती दूरवर शाबूत राहतो आणि एका वेळी किती माहिती वाहून नेतो, यात. वारंवारता वाढते तसा तांब्यातील संकेत झपाट्याने क्षीण होतो. म्हणून इथरनेटच्या तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. कॅट-६ केबलवर सेकंदाला १० गिगाबिटचा वेग हवा असेल, तर साधारण ५५ मीटरचीच.

काचही एकेकाळी याहून बरी नव्हती. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की दोष काचेतील अशुद्धींचा आहे. या कार्यासाठी काव यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल घट होते. म्हणजे १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

रेल्वेच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाला समांतर धावणाऱ्या धातूच्या तारेत फॅरेडेच्या नियमानुसार विद्युतदाब निर्माण होतो आणि संदेशात गोंधळ माजतो. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तिला या शेजाराची बाधा नाही. शिवाय तांबे भंगारात विकले जाते म्हणून चोरीस जाते. काचेला भंगारवाला विचारीत नाही. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेलचे रुळांलगतचे तंतुजाळे आज ६०,००० किलोमीटरहून अधिक आहे.

मग तांबे मोडीत काढावे काय? माझे स्पष्ट मत आहे, मुळीच नाही. तांब्याची एकच केबल माहितीबरोबर वीजही पुरवते. २०१८ च्या मानकानुसार ९० वॅटपर्यंत. छतावरील कॅमेरा किंवा वाय-फायचे यंत्र तेवढ्यावर चालते. काचेला हे साधणार नाही. खोलीतल्या वीस-तीस मीटरसाठी तांबे स्वस्त पडते आणि त्याची जोडणी साध्या अवजाराने होते.

माझा आक्षेप आहे तो दोन टोकांच्या सवयींना. काटकसर म्हणून दोन इमारतींमध्ये तांबे टाकले जाते आणि पहिल्या वळवाची वीज जवळपास कोसळली, की दोन्हीकडचे स्विच जळतात. दुसरीकडे केवळ प्रतिष्ठेसाठी प्रत्येक टेबलापर्यंत काच नेली जाते. बुंदेलखंड विद्यापीठासारख्या विस्तीर्ण आवारांना शोभणारी वाटणी सरळ आहे: इमारतींदरम्यान काच, इमारतीच्या आत तांबे.

मात्र काच पुरली म्हणजे काम संपले, असे नाही. ग्रामपंचायतींना तंतूने जोडणारी भारतनेट योजना २०११ मध्ये मंजूर झाली. खोदाईच्या यंत्राच्या एका फटक्याने असा तंतू तुटतो. तो सांधण्यास खास यंत्र आणि सरावाचा हात लागतो. तो हात जिल्ह्यात नसेल, तर गाव दिवसेंदिवस जगापासून तुटलेले राहते. म्हणून केबलच्या निविदेत लांबीइतकेच दुरुस्तीलाही स्थान असावे आणि तंतू सांधण्याचे शिक्षण प्रत्येक आयटीआयमध्ये मिळावे.

विद्यार्थ्यांनी केबल निवडताना चार प्रश्न विचारावेत. अंतर किती? शेजारी वीज कोणती? पलीकडच्या यंत्राला वीज हवी काय? आणि तुटल्यावर जोडणार कोण? पहिल्या तिन्हींची उत्तरे पदार्थविज्ञान देते. चौथ्याचे उत्तर मात्र आपल्यालाच घडवावे लागेल.