माघारीची अब्रू

गेल्या दिवाळींत बलिप्रतिपदेच्या दुपारीं मुळशी तालुक्यांतील नांदे येथें माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं मंडळी जमली होती. ज्या तिथीस आपल्या पूर्वजांनीं द्यूतप्रतिपदा असेंही नांव देऊन ठेविलें आहे, तिला साजेल असा पत्त्यांचा डाव माडीवर रंगला होता. खेळ पोकरचा, पैशाचा व्यवहार मात्र नव्हता. पहिल्यास ५००, दुसऱ्यास ३०० व तिसऱ्यास २०० रुपयांचीं पुस्तकें देण्याचें यजमानांनीं कबूल केलें होतें. शेवटीं तीन गडी उरले, तिघांजवळ सारख्याच चिप्स. एकानें आपल्या सर्व चिप्स पुढें लोटल्या; पोकरच्या परिभाषेंत ज्याला ऑल-इन म्हणतात तो हा सर्वस्वाचा पण. दुसऱ्यानें पत्ते टाकले. राहिला यजमानांचा पुतण्या. त्याच्या हातीं दोन अठ्ठ्या होत्या. त्यानें मिनिटभर विचार केला आणि त्याही टाकून दिल्या. समोरच्यानें हंसत एक्का आणि राजा उघडून दाखविला.

झालें! एक निवृत्त अभियंते गरजले, "अरे, शंभरांत पंचावन्न वेळां तूंच जिंकला असतास, आणि पळालास?" दुसऱ्या एका काकांनीं मराठी रक्ताचा विषय काढला. मुलगा मान खालीं घालून बसला. मी त्या वेळीं बोललों नाहीं, याची मला लाज वाटते. म्हणून आतां बोलतों.

अभियंत्यांचा पंचावन्नाचा आंकडा बरोबर आहे. अठ्ठ्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध शंभरांत सुमारें ५५ वेळां टिकते. चुकला तो हिशेब पुढचा. तिघांच्या चिप्स सारख्या असतांना १००० रुपयांच्या पुस्तकांपैकीं प्रत्येकाचा न्याय्य वांटा ३३३ रुपयांचा. मुलानें पण स्वीकारून जिंकला असता तर चिप्सचे दोन तृतीयांश त्याच्याकडे आले असते. म्हणजे तिनांतून दोन वेळां ५०० आणि एक वेळ ३००, सरासरी ४३३. हरला असता तर हातीं फक्त २००. जिंकल्यास १००ची भर, हरल्यास १३३ची तूट! अशा व्यवहारांत पाऊल टाकण्यास शंभरांत ५७हून अधिक वेळां यश मिळावयास हवें. टेबलावर आधीं पडलेल्या किरकोळ चिप्स मीं सोडून दिल्या आहेत. त्यांनीं आंकडा थोडा हालेल, तत्त्व हालणार नाहीं. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांचें मोल दुप्पट होत नाहीं. शेवटची चिप ही पहिल्या चिपेपेक्षां महाग असते, कारण ती गेली कीं मनुष्य खुर्चीवरून उठतो. आणि या झुंजींत बिनजोखमीचा लाभ कोणाचा? जो पत्ते टाकून स्वस्थ बसला आहे त्याचा. त्याचा वांटा कांहीं न करतां ३३३ वरून ३६६ वर जातो. दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही आपली म्हण येथें रुपये-आण्यांत सिद्ध होते.

कोणी म्हणेल, सदैव माघार घेणारा तरी कोठें जिंकतो? अगदीं खरें. दर फेरीस सक्तीनें टाकाव्या लागणाऱ्या चिप्स त्याला कुरतडून खातात, आणि एक वेळ अशी येते कीं हातीं सामान्य पानें असलीं तरी उडी घेणेंच शहाणपणाचें ठरतें. सर्व बक्षीस एकट्या पहिल्यालाच असेल तर ५५ देखील पुरेसे. पण नांद्याच्या माडीवर यांतील एकही गोष्ट नव्हती. मराठी रक्ताच्या काकांनीं पानिपत आठविलें, तें याच जागीं तपासावें. १४ जानेवारी १७६१ रोजीं भाऊसाहेब छावणीबाहेर पडले ते रसद तुटली, माणसें व जनावरें उपाशी मरूं लागलीं म्हणून. बसून राहणें हाच तेथें रोजचा पराभव होता. त्या उपाशी फौजेचा दाखला श्रीखंड-पुरी जेवून पत्ते खेळणाऱ्या मुलाला देणें ही पानिपताचीही विटंबना आहे.

आमच्या मनांत खरा घर करून बसला आहे तो धर्मराज. द्यूताचें आव्हान आलें तर नाहीं म्हणावयाचें नाहीं, हें त्याचें व्रत. एकदां सर्व गमावून, धृतराष्ट्रानें तें परत दिल्यावरही, अनुद्यूताचें बोलावणें येतांच तो पुन्हां पटाकडे वळला. याला आपण सत्त्व म्हणतों. त्याच महाभारतांत, वनपर्वांत, बृहदश्व ऋषींनीं याच धर्मराजाला नलाची कथा सांगितली, ती मात्र आपण हंस आणि दमयंती यांच्यासाठींच वाचतों. सर्व राज्य हरल्यावर पुष्कर म्हणाला, आतां दमयंती राहिली आहे, तिला लाव. नलानें तो पण घेतला नाहीं. अंगावरचे अलंकार उतरवून तो चालता झाला. पुढें बिभीतकाच्या झाडाचीं पानें व फळें अंदाजानें मोजून दाखविणाऱ्या ऋतुपर्णाकडून तो अक्षहृदय शिकला आणि मगच पुष्करासमोर पुन्हां बसला. आधीं गणित, मग पण! विराटाच्या सभेंत कंक होऊन बसलेल्या धर्मराजालाही ही विद्या बृहदश्वाकडूनच मिळाली होती. उशिरा मिळाली, इतकेंच.

पोकरच्या कैवाऱ्यांसही दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं चमारबागवाला खटल्यांत कौशल्यप्रधान स्पर्धा व जुगार यांत भेद केला, १९६७ सालीं रमीला कौशल्याच्या बाजूस बसविलें. तेव्हांपासून "आमचा खेळ कौशल्याचा" हा मंत्र जपला जात आहे. २०२५च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून इंटरनेटवरील पैशाच्या खेळांपुरता तो भेदच मोडीत काढला. मला त्या वादांत शिरावयाचें नाहीं. पण ज्या कैवाऱ्यांनीं तरुणांना कौशल्याची भुरळ घातली, त्यांनीं पत्ते टाकणाऱ्याचें चित्र जाहिरातींत कधीं ठळकपणें छापलें काय?

यजमानांनीं पुतण्याची बाजू कां घेतली नाहीं, हें मला जेवणानंतर कळलें. हिंजवडीकडून सरकत आलेल्या इमारतींनीं नांद्याला वेढा दिला आहे. स्नेह्यांच्या वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे एकेक करून गेले. आतां २० गुंठे उरले आहेत. त्यावर भागीदारींत इमारत उठवावी, जमीन यांची, भांडवल दुसऱ्याचें, असा प्रस्ताव आला आहे आणि कर्जास घरही तारण द्यावयाचें आहे. "सगळे करताहेत, आपणच भ्यायचें काय?" ते म्हणाले. याच मुळशींत १९२१ सालीं सेनापति बापटांच्या मागें उभे राहिलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखालीं गेल्या. त्यांना निदान कोणी विचारलें नव्हतें. यांना विचारलें जात आहे.

मीं कागद मागितला आणि त्यावर तोच हिशेब मांडला: सफल झाल्यास काय वाढेल, फसल्यास काय उरेल. दुसऱ्या रकान्यांत लिहिण्यासारखें कांहींच सांपडेना. पुतण्या माझ्या खांद्यावरून वांकून पाहत होता. काकांकडे न पाहतां तो हळूच म्हणाला, "सर, इथं तर तिसऱ्याला दोनशेंचीं पुस्तकंही नाहींत." स्नेह्यांनीं कागदाची घडी करून खिशांत घातली. करारनामा अजून सहीवांचून त्यांच्या कपाटांत पडला आहे.