शिटीपुढे सारे सारखे

खेळाने शिस्त येते, चारित्र्य घडते, हे वाक्य शाळांच्या वार्षिक समारंभांत पाहुण्यांच्या तोंडून नित्य ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु ही शिस्त येते कशी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. नागपूरच्या अनुभवात त्याचे उत्तर सापडते.

२००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. खेळ चालू असेपर्यंत मुले वाईट संगतीपासून दूर राहतात, हे त्यांनी जाणले. त्यातून प्रथम 'झोपडपट्टी फुटबॉल' आणि पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. २०१६ साली 'फिफा'ने तिचा गौरव केला. २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली. तिच्यातील बोध मात्र तितका पोचला असे दिसत नाही.

ज्यांच्या वाट्याला कायदा बहुधा दंडुक्याच्या रूपानेच येतो, त्यांना मैदानावर प्रथमच दोन्ही बाजूंना सारखा लागू असणारा नियम भेटतो. पंचाची शिटी कोणाचे घर कोठे आहे हे विचारीत नाही. चेंडू सोबत्याकडे दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. आज हरलेल्याला उद्या पुन्हा उतरता येते. हे धडे उपदेशाने नव्हे, सरावाने अंगी मुरतात. बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत, जी २००३ साली सुरू झाली, खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. तिचा हेतू निष्णात खेळाडू घडविण्याचा नसून माणूस उभा करण्याचा आहे, हे या एका नियमावरून स्पष्ट होते.

खेळाने पोट भरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. रोजगार, घर, औषध यांची जागा चेंडू घेऊ शकत नाही. मात्र नियम आपलाही आहे, हा विश्वास ज्याला लाभला, तोच आपला हक्क सनदशीर मार्गाने मागू शकतो.

तथापि या शिक्षणाला मोकळे मैदान आणि रोज येणारा शिक्षक लागतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. गणिताला दिलेल्या त्या तासाचा हिशेब गुणपत्रिकेत दिसतो. गमावलेल्या धड्याचा हिशेब समाजाला पुढे अनेक वर्षे चुकवावा लागतो.