पट्टी वाचता येणारा पदवीधर

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत 'बाजार' हा शब्द आपण शेकडो वेळा लिहितो. परंतु चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात शिकण्यासाठी म्हणून आपल्यापैकी किती जण गेले आहेत? वहीत मागणी-पुरवठ्याचे वक्र, आणि वडिलांच्या हातात मालाची पट्टी! त्या पट्टीत हमाली किती, तोलाई किती, हे आपल्याला सांगता येऊ नये? कांदा-बटाट्यासह फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे शासनाने २०१६ साली ठरविले. हे पट्टीवर पडताळून पाहणार कोण? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरचे माझ्याकडेच पाहतात.

करून शिकणे ही काही परदेशी कल्पना नव्हे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गोरगरिबांच्या मुलांना 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखविला. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती शिकतात आणि गावकऱ्यांची कामे मोबदला घेऊन करतात. सामान किती लागेल, मजुरी किती धरायची, गिऱ्हाइकाला दर काय सांगायचा, हे कामातूनच उमगते. आपण मात्र खर्चाचा हिशेब गाइडमधून पाठ करतो!

कोणी म्हणेल, मग मुलांना चाकणच्या कारखान्यांत पाठवा की झाले! येथेच माझा विरोध आहे. माझा थोरला भाऊ एका कारखान्यात 'शिकाऊ' म्हणून लागला. अकरा महिने एकाच जागी उभा राहून त्याने नट आवळले. मुदत संपली, घरी आला. याला शिक्षण म्हणावे की स्वस्त मजुरी? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतनाबरोबर प्रशिक्षणही अपेक्षित आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपवर भर दिला खरा. पण सोबत शिकविणारा नसेल, तर तो नुसता प्रमाणपत्रावरचा शिक्का ठरेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. हंगामात आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांनी बाजार आवारात टेबल मांडून शेतकऱ्यांना पट्टी वाचून द्यावी, हिशेब तपासून द्यावा. प्राध्यापकांनी सोबत बसावे आणि त्या नोंदवहीला परीक्षेत गुण द्यावेत. याला ना इमारत लागते, ना अनुदान. लागते ती फक्त वर्गाबाहेर पडण्याची तयारी. ती आपल्यात आहे काय?